जुळवून घ्या म्हणे!

भाच्याला सोडायला एका कॉलेजात गेलो होतो. पहिल्या वर्षाच्या पोरांचं स्वागत चाललेलं. स्टेजवर सरस्वतीचा फोटो, शाल, नारळ. पाहुणे म्हणाले, "मित्रांनो, वातावरण नवं आहे. जुळवून घ्यायला शिका." टाळ्या पडल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

दोस्तांनो, हा शब्द आपल्या जुन्या ओळखीचा आहे. गावकुसाबाहेर राहा, जुळवून घ्या. पाणी वरून ओततील, ओंजळ धरा, जुळवून घ्या. आपल्या बापजाद्यांनी दुसरं केलं काय? आता कॉलेजातही तेच करायचं तर पोरगं शिकायला आलं कशाला?

१९८१ साली मी कॉलेजात गेलो. अंगात बापाचा शर्ट. पहिल्याच आठवड्यात शिपाई वर्गात येऊन ओरडला, "बी. सी. स्कॉलरशिपवाले उभे राहा!" आम्ही नऊजण उभे राहिलो. बाकीच्या वर्गानं माना वळवून पाहून घेतलं. माझ्या बाकावरचा पोरगा रोज माझ्या डब्यातली चटणी मागून खायचा. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या बाकावर गेला. बोलला काहीच नाही. त्यानंही जुळवून घेतलं!

मी वर्ग सोडला. पंधरा दिवस स्टेशनवर बसून काढले. परत कुणी आणलं? व्याख्यानानं नाही. आमच्याच वस्तीतला, तिसऱ्या वर्षाला असलेला एक दादा आला. "काय रं, हितं काय करतूस? चल." होस्टेलवर नेलं, मेसमधली आपली अर्धी भाकर दिली, जुन्या वह्या दिल्या. बाबूनं फॉर्म घेईपर्यंत माझ्यासंगं खिडकीसमोर उभा राहिला. वर्षभर मी त्याच्या खोलीत पॅरासाईट होतो. म्हणून आज दोन ओळी लिहितोय.

बाबासाहेबांचं तरी काय झालं? एल्फिन्स्टन कॉलेजातल्या हॉटेलवाल्यानं त्यांना चहा-पाणी नाकारलं. कामी आलं ते काय? प्रा. म्युलर यांनी पुस्तकं दिली, कपडे दिले. केळुसकर गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले, महिना २५ रुपयांची स्कॉलरशिप मिळाली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. पुढं त्यांनी आपल्या पोरांना जुळवून घ्या म्हटलं नाही. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. पोरगं बदलण्याआधी त्यांनी कॉलेज बदललं.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. आता शिपाई ओरडत नाही, खरंय. आता रँक विचारतात. रँक कळली की जात कळते. दर्शन सोळंकी आयआयटी मुंबईत पहिल्याच वर्षाला होता. १२ फेब्रुवारी २०२३ ला तो गेला. घरच्यांनी जातीचा जाच सांगितला. संस्थेच्या समितीनं थेट पुरावा नाही म्हटलं, अन् खालावलेल्या मार्कांकडं बोट दाखवलं. अरे, पण हुशार पोराचे मार्क आल्याआल्याच का खालावतात, ते कोण सांगणार?

आणि पैसा? मुझफ्फरनगरकडच्या एका मजुराच्या पोराची आयआयटी धनबादमधली सीट २०२४ साली गेली. कशापायी? १७,५०० रुपये वेळेत भरले गेले नाहीत म्हणून. सुप्रीम कोर्टानं ती ३० सप्टेंबरला परत दिली. पण किती पोरं सुप्रीम कोर्टापर्यंत पोचतात? बाकीची गुपचूप गावाकडची एस. टी. धरतात. त्यांची बातमी होत नाही.

आता आपल्याकडं वळतो. राग आला तर येऊ द्या. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला, आपण देशभर रस्त्यावर आलो. यायलाच पाहिजे होतं. पण पोरगं जितं असताना आपण कुठं असतो? आपली चळवळ एप्रिलात नाचते, डिसेंबरात रडते, अन् जून-जुलैत झोपते. नेमकं तेव्हाच आपलं पोरगं वळकटी घेऊन गेटवर उभं असतं.

म्हणून सांगतो. प्रत्येक कॉलेजच्या गेटवर ॲडमिशनच्या दिवसांत आपलं टेबल पाहिजे. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, हे सगळं बघून महाडीबीटीचा फॉर्म तिथंच भरून द्या. बाबू "आधी फी भर, मग बघू" म्हणाला तर पोराला एकटं सोडू नका, आत जा. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या. होस्टेलच्या यादीत नाव नसलं तर आपल्या खोलीत अंथरूण टाका. जुन्या वह्या रद्दीत घालू नका. इंग्रजी लेक्चर डोक्यावरून जात असलं तर संध्याकाळी बसून आपल्या बोलीत समजावून सांगा. पोरींना होस्टेलवर काय सोसावं लागतं ते पोरींनाच विचारा, आपण शहाणपण शिकवू नका.

आणि त्याला एवढं तरी सांगा, की वर्गात तू कमी नाहीस, तू पहिला आहेस. तुझ्या घरातला पहिला. लाज वाटायची तर ती उभं करणाऱ्याला वाटू दे.

जुळवून घेणं बास झालं. आता त्यांनी जुळवून घ्यावं.

पोरगं गेटवर आलंय. कोण जातंय?

जयभीम.