दालमिलचा एच-इंडेक्स किती?

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी दालमिल विकसित केली. तुरीच्या या वऱ्हाडात बचत गट आणि छोटे उद्योजक तिच्यावर डाळ तयार करतात. मात्र डाळ विकणारे शोधनिबंध लिहीत नाहीत. त्यामुळे मिल कितीही फिरली तरी संशोधकाच्या खात्यात एकही उद्धरण, म्हणजे इतरांच्या निबंधातला उल्लेख, जमा होत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये अशा उद्धरणांवरून संशोधक मोजणारा एच-इंडेक्स सुचवला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे मिळाली, की निर्देशांक दहा. हिशेब सोपा, म्हणून निवड आणि बढतीच्या समित्यांना भलताच आवडला! पण जीवशास्त्रात उद्धरणे भराभर मिळतात, गणितात वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. विषयाविषयातला हा फरक खुद्द हिर्श यांनीच नोंदवला होता. तरी अमरावती विद्यापीठातला गणिती आणि जीवशास्त्रज्ञ एकाच आकड्याने मोजायचे, तर तो शुद्ध अडाणीपणा ठरेल.

आकड्यांच्या हव्यासावर निकृष्ट नियतकालिकांची दुकानेही थाटली गेली. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. बढती देणाऱ्यांनी उमेदवाराचे निवडक पाच निबंध तरी वाचावेत. आणि तो कृषी संशोधक असेल, तर त्याचे वाण किती शिवारांत पेरले जाते, हेही विचारावे.