शुक्रवारचं पान

आमच्या तालुक्याच्या गावात दर शुक्रवारी एक पान निघतं. दोन्ही बाजूंनी छापलेलं. पेपर टाकणारी मुलं ते सकाळच्या पेपरात घालून देतात. ज्यांच्या घरी पेपर येत नाही त्यांच्यासाठी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर, एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत आणि ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढतात तिथे गठ्ठा ठेवलेला असतो. पैसे पडत नाहीत. त्यात देशाचं राजकारण नसतं, क्रिकेट नसतं, राशिभविष्यही नसतं. कोणत्या आळीला पाणी कधी सुटणार, महावितरण कुठल्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवणार, हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, पीकविम्याचा अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती, कोणाचा दशक्रिया विधी घाटावर किती वाजता आहे, कोणाची शेळी हरवली आणि कोणाला सापडली, एवढंच. गावातलं सगळ्यात मोलाचं वर्तमानपत्र हेच, असं मी मानतो, आणि दैनिकाच्या पानावर हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

जिल्हा आवृत्तीत आमच्या गावाला जागा मिळते ती अपघात, चोरी किंवा मंत्र्यांचा दौरा असेल तेव्हा. तालुक्याची जुनी साप्ताहिकं आहेत, पण ती जगतात नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या विशेषांकांवर. त्यांना दोष देणार नाही. कागद आणि छपाई कोणालाच सोडत नाही. मात्र अर्धं पान ज्यांच्या शुभेच्छांनी भरलं, त्यांच्या वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराची बातमी लावणं त्याच अंकात अवघड जातं. शुक्रवारचं पान चालवणारे छापखान्याचे मालक एक नियम कडक पाळतात: वाढदिवस नाहीत, अभिनंदन नाही, निवड झाल्याबद्दल सत्कार नाही. जाहिराती पिठाच्या गिरणीच्या, शिकवणीच्या, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या, मंगल कार्यालयाच्या. सगळ्या सारख्याच लहान चौकटीच्या. त्यामुळे अमुक छापू नका असं सांगण्याएवढा मोठा जाहिरातदार त्यांच्याकडे नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्या छापखान्यात बसायला मला आवडतं. एका बाजूला लग्नपत्रिकांचे गठ्ठे, संगणकावर अर्धवट लावलेलं पान, आणि मालक फोनवर. पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याने सांगितलेलं असतं की टाकी शनिवारी धुणार, रविवारी सकाळी पाणी येईल. मालक शांतपणे विचारतात, "छापतोय हं. खाली तुमचं नाव घालू ना?" पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग उत्तर येतं, "थांबा भाऊ, साहेबांना विचारून सांगतो." पंधरा मिनिटांनी फोन येतो आणि रविवार सकाळचं सोमवार सकाळ होतं. तेच छापलं जातं, आणि सोमवारी खरंच पाणी येतं. त्या पंधरा मिनिटांमुळे कितीतरी घरांत रविवारी रिकाम्या नळाखाली हंडे लावून ताटकळावं लागलं नाही.

मोबाइलवर सगळं येतं, मग कागद कशाला, असं मला तरुण मंडळी विचारतात. येतं, हे खरं आहे. पण ते कोणी लिहिलं हे तिथे कळत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. पोट भरण्यासाठी आलेली ती माणसं होती. एका कागदाने ते टळलं असतं असा दावा मी करत नाही. पण ज्या गावाला खरं-खोटं विचारून सांगणारा ओळखीचा माणूस असतो, तिथे अफवेला निदान एक उंबरठा ओलांडावा लागतो. छापील कागदावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण घालण्याचं बंधन १८६७च्या कायद्याने आणलं. आमच्या पानावरही तळाला ती बारीक ओळ असते, आणि चूक झाली की लोक थेट त्या दारात जातात.

खेड्यातून असं काही चालतं का, ही शंकाही आमच्या जिल्ह्याने तरी घेऊ नये. १९१०मध्ये मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं आणि नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या लहान गावातून ते १९६७पर्यंत, स्वतःच्या निधनापर्यंत, चालवलं. १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे ते चिरंजीव. 'दीनमित्र'चा अंक फुकट नव्हता आणि त्याचं काम फार मोठं होतं. सत्यशोधक विचार मुकुंदरावांनी शेतकऱ्यांच्या घरात नेला. पण मोठ्या शहराच्या आधाराशिवाय एखादं पत्र गावातून अर्धशतकाहून अधिक काळ निघू शकतं, हे त्यांनी करून दाखवलं.

पान फुकटच हवं, याबद्दल मी ठाम आहे. दोन रुपये किंमत ठेवली तरी घेणारे घेतील. पण ज्यांना ती माहिती आधीच कुठून तरी मिळते, तेच घेतील. भाड्याच्या खोलीत राहणारी मजूर बाई, साधा फोन वापरणारे आजोबा, ऊसतोडीहून नुकतंच परतलेलं कुटुंब, यांना लसीकरणाची तारीख सगळ्यात जास्त लागते आणि त्यांच्यापर्यंतच ती सगळ्यात उशिरा पोचते.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं. २०१४-१५च्या सुमारास राज्यातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती झाल्या. दर्जा वाढला, पण ग्रामसभा गेली. पूर्वी वर्षातून चार वेळा तरी कोणीही उठून सरपंचाला हिशेब विचारू शकत होता. आता ठराव सभागृहात होतात आणि गावाला ते कळतात रस्ता खोदला गेला की. त्यातही कित्येक ठिकाणी मुदत संपल्यावर काही काळ प्रशासकच कारभार पाहत होते, म्हणजे जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. आमच्याकडे त्या काळात ठराव चार-चार ओळींत छापून घरोघर पोचवले ते या पानाने.

तुमच्या गावात असं पान निघत असेल, तर दुकानदारांनो, त्याला वर्षभराची एक लहान चौकट द्या. निघत नसेल, तर गावातल्या डीटीपीवाल्याला गाठा, चार जणांनी मिळून कागदाचा खर्च उचला आणि पहिल्या अंकात फक्त पाण्याचं वेळापत्रक छापा, खाली आपली नावं घालून.