वर्गणीतून घडलेली विजेती



मार्कंड्याला एका घरी बसलो होतो. घरची मुलगी कबड्डीत तालुक्याला चमकलेली. आता जिल्ह्याला जायचे, म्हणजे बूट आले, बसभाडे आले. बाप म्हणाला, "भाऊ, गरिबाच्या पोरीले खेळ कसा परवडन?"

त्याला आम्ही ॲल्थिया गिब्सनची हकीकत सांगितली, तीच आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या कुटुंबात १९२७ साली ती जन्मली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढली. गोऱ्यांच्या क्लबात काळ्यांना मज्जाव, म्हणून काळ्या समाजाने १९१६ मध्येच स्वतःची टेनिस संघटना उभारली होती. १९४० साली शेजाऱ्यांनी वर्गणी काढून ॲल्थियाची क्लबाची फी भरली. पुढे ईटन आणि जॉन्सन या दोन काळ्या डॉक्टरांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. तिची शाळा झाली, खेळही झाला.

फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा भरत असे. काळ्यांना बंदी, असे कागदावर कुठेच नव्हते. पण निवड होई ती गोऱ्यांच्या क्लबांतल्या स्पर्धांमधून, आणि तिथे दार बंद! जुलै १९५० मध्ये ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने टेनिसच्या मासिकात लिहून आपल्याच लोकांना खडसावले. ऑगस्टमध्ये ॲल्थिया त्या हिरवळीवर उतरली. तिथे खेळणारी ती पहिली काळी खेळाडू.

दुसऱ्या फेरीत समोर विम्बल्डनची विजेती लुईस ब्रफ. शेवटच्या सेटमध्ये ॲल्थिया ७-६ अशी पुढे असताना वादळ आले. विजेने स्टेडियमवरचा दगडी गरुड पाडला, खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ब्रफने तो सेट ९-७ असा जिंकला.

ॲल्थिया खचली नाही. १९५७ साली तिने विम्बल्डन जिंकले. त्याच वर्षी फॉरेस्ट हिल्सच्या अंतिम सामन्यात त्याच ब्रफला ६-३, ६-२ असे हरवले.

अंगातला गुण तिचा स्वतःचा. पण दारापर्यंत तिला नेले ते शेजाऱ्यांच्या वर्गणीने.

त्या रात्री मार्कंड्यात पाच घरांतून बसभाडे जमले. बुटांचे आम्ही कबूल केले. जयंतीची वर्गणी देताना आपला हात कधी आखडत नाही. त्याच वहीत मुलींच्या खेळासाठी एक पान राखून ठेवू या.