परका शिंपला खाडीत शिरण्याआधी

गोराईच्या खाडीत मालवाहू जहाज येत नाही. येतात त्या बोरिवलीकडून माणसे आणि दुचाक्या पार करणाऱ्या फेरीबोटी आणि कोळ्यांच्या होड्या. त्यामुळे जहाजांबरोबर देशोदेशी फिरणाऱ्या आक्रमक जीवांचा प्रश्न बंदरवाल्यांचा, आपला नव्हे, असे गोराई-मनोरीत कुणाला वाटले तर नवल नाही. पण खाडीची जागा नकाशावर पाहावी. दक्षिणेला मुंबई बंदर आणि न्हावा शेवा, उत्तरेला डहाणूजवळ वाढवण, जिथे ऑगस्ट 2024 मध्ये महाबंदराची पायाभरणी झाली. रिकामे जहाज तोल सांभाळण्यासाठी पोटातल्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात सोडते. या बॅलास्ट पाण्यातून शिंपल्यांची, खेकड्यांची, शेवाळांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले आणि बीजे हजारो मैल प्रवास करतात. जहाजाच्या बुडाला चिकटून येणारे जीव वेगळेच. एकदा उतरल्यावर ते बंदराच्या हद्दीत थांबत नाहीत. भरतीचे पाणी आणि मासेमारीच्या बोटी त्यांना पुढच्या खाडीपर्यंत पोचवतात.

ही भीती कल्पनेतली नाही. कॅरिबियन समुद्राकडचा ‘मायटिलॉप्सिस सॅली’ हा शिंपला 1960च्या दशकात विशाखापट्टणमला आणि 1970च्या दशकात मुंबईच्या गोदीत आढळला. तो जेमतेम इंचभर वाढतो, पण गोड्यापासून अतिखाऱ्यापर्यंत कसलेही पाणी त्याला चालते, आणि चिकटल्यापासून महिना-सव्वा महिन्यात तो प्रजननाला तयार होतो. हाच शिंपला मार्च 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या नौकातळात सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथे नव्हता. आता चौरस मीटरला वीस हजारांहून अधिक होता. प्रशासनाने काही दिवसांतच तळ बंद केले, पाण्यात क्लोरिन आणि मोरचूद ओतले, तिथून गेलेल्या शेकडो बोटी शोधून तपासल्या आणि महिन्याभरात त्याचा नायनाट केला. खर्च झाला वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक. मात्र या यशामागे दोन गोष्टी होत्या. तळाला दरवाजे असल्याने तिथले पाणी समुद्रापासून तोडता आले, आणि सहा महिन्यांपूर्वीची पाहणी हाताशी असल्याने ‘हा नवा आहे’ हे लगेच ठरवता आले. गोराईच्या खाडीला दरवाजा नाही आणि कांदळवनात कुणी क्लोरिन ओतू शकत नाही. म्हणजे इथे शिंपला पसरल्यावर करण्यासारखे फारसे उरत नाही. आपल्या हातात आहे ती दुसरी गोष्ट, पाहणी. ती मात्र आपण सातत्याने करत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

पाहणीचे महत्त्व आपल्याला ठाऊक नसते तर गोष्ट वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने 2000 ते 2004 या काळात बॅलास्ट पाण्याच्या प्रश्नावर जागतिक कार्यक्रम राबवला, तेव्हा जगातून निवडलेल्या सहा जागांमध्ये मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि न्हावा शेव्याच्या पाण्यातल्या, गाळातल्या, धक्क्यांना चिकटलेल्या जीवांची पाहणी केली. बॅलास्ट पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर 2017 पासून अमलात आला. त्यात सामील होण्याला आपल्या मंत्रिमंडळाने 2015 मध्येच मान्यता दिली होती. पायाची वीट घातली, पण भिंत उभी राहिली नाही. एकदा केलेली पाहणी हे छायाचित्र असते, पहारा नव्हे.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. मिरची, बटाटा, काजू हेही परदेशीच, मग एका शिंपल्याचे एवढे काय? पण मिरची आपण लावतो म्हणून उगवते. ती कांदळवन गिळायला जात नाही. परके असणे हा गुन्हा नाही, स्थानिकांची जागा बळकावणे हा प्रश्न आहे. केरळच्या अष्टमुडी सरोवरात दक्षिण अमेरिकेतल्या ‘मायटेला’ शिंपल्याने तेच केले. तिथली तिसऱ्यांच्या जातकुळीतली शिंपल्यांची मासेमारी 2014 मध्ये शाश्वत म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी भारतातली पहिली ठरली होती, तिलाच हा शेजारी जड जातो आहे. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: खाडीत सांडपाणी आणि प्लास्टिक असताना शिंपल्याची काळजी कशाला? उलट, घाण पाण्यात कालवे आणि तिसऱ्या मागे हटतात आणि काटक आगंतुकाला मोकळी जागा मिळते. सांडपाणी थांबवणे आणि पहारा ठेवणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. तिसरा आक्षेप व्यापाराचा. पण करारातल्या देशांच्या जहाजांना पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बसवावीच लागतात. तो खर्च होऊन गेला आहे. बंदरावर त्यांचे कागद आणि पाण्याचे नमुने तपासल्याने व्यापार अडत नाही.

खुद्द महापालिकेलाही यात स्वार्थ दिसायला हवा. मनोरीला दिवसाला 200 दशलक्ष लिटर समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प तिने आखला आहे, आणि पाणी ओढणाऱ्या नळांच्या आत थर धरून ते बुजवणे हा तर मायटिलॉप्सिससारख्या शिंपल्यांचा जुना लौकिक. आक्रमक प्रजातींमुळे जगाचे दरवर्षी 423 अब्ज डॉलरचे नुकसान होते, असे 2023च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने सांगितले. त्यातला सुमारे 8 टक्केच खर्च त्यांना आवरण्यावर होतो, बाकी सारे प्रत्यक्ष नुकसानच असते. वन्यजीव कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने अशा प्रजातींची आयात आणि व्यापार रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला, पण जहाजाच्या टाकीतून सांडलेल्या पिल्लाला परवाना लागत नाही.

पहारा ठेवायला फार काही लागत नाही. गोराई, मनोरी, मालवणीच्या जेट्ट्यांवर पाण्यात लाकडी फळ्या टांगाव्यात, दर महिन्याला वर काढून त्यांवर काय चिकटले ते पाहावे. वर्सोव्यातली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था जवळ आहे, राज्याचा कांदळवन कक्ष आहे, आणि जाळ्यात, खुंटावर, होडीच्या बुडाला नवे काही दिसले तर सर्वांत आधी ओळखणारे कोळी बांधव आहेत. त्यांना या कामाचा मेहनताना द्यावा, ओळखीच्या चित्रांचा एक तक्ता प्रत्येक मच्छीमार सोसायटीत लावावा आणि खबर कुणाला द्यायची तो दूरध्वनी क्रमांक त्यावरच छापावा. पावसाळ्यानंतर खाडीचे पाणी पुन्हा खारे होऊ लागते तेव्हा, ऑक्टोबरात, पहिल्या फळ्या पाण्यात उतरलेल्या असाव्यात.