पब्लिक स्केटिंगच्या तासात हॉकीची शर्यत नको!

ग्रेटर टोरोंटो परिसरातल्या मराठी कुटुंबांना, आणि विशेष करून हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना,

फेब्रुवारीत फॅमिली डेचा सोमवार येईल, मागोमाग मार्च ब्रेक लागेल आणि मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन, ओकव्हिलच्या रिंकांवर आपली माणसं पुन्हा गर्दी करतील. भाड्याच्या स्केट्सचे बंद आवळताना बोटं दुखतील, पोरं प्लास्टिकचा आधार ढकलत पुढे सरकतील, आणि चाळिशीतले बाबा कडेच्या बोर्डाला धरून एकेक पाऊल टाकतील. हे सगळं छान आहे. या देशातला हिवाळा घरात कोंडून न घेता घालवायचा तर बर्फावर उतरायलाच हवं.

पण त्याच बर्फावर, त्याच तासात, पंधरा-सोळा वर्षांची चार-पाच मुलं शर्यत लावतात. माणसांच्या मधून वाकडंतिकडं वळत जातात, एकमेकांना पकडतात, उलटं स्केटिंग करत मागे न बघता येतात, आणि बोर्डापाशी उभ्या असलेल्या पोराच्या अंगावर बर्फाचा फवारा उडवत करकचून थांबतात. स्टिक नाही, पक नाही, म्हणून रिंकचे लोक सांगतात की इथे हॉकी चालू नाही. आम्ही म्हणतो, चालू आहे. स्टिक दाराशी ठेवल्याने हॉकीचा वेग दाराशी राहत नाही, आणि माणूस जखमी होतो तो वेगाने.

हिशेब करून पाहा. बऱ्यापैकी खेळणारा मुलगा ताशी 25 किलोमीटरचा वेग सहज गाठतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. उत्तर अमेरिकेतल्या रिंकची रुंदी 26 मीटर असते. ती तो चार सेकंदांच्या आत पार करतो. समोर कोणी पडलं हे दिसून पाय वळेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात सात मीटर संपलेले असतात आणि थांबायची सुरुवात त्यानंतर होते. नवशिका ताशी पाच किलोमीटरने सरकतो. वेग पाचपट झाला की धडकेतली ऊर्जा, वजन तेच धरलं तरी, पंचवीसपट होते. त्यात एकाचं वजन 70 किलो आणि दुसऱ्याचं 20 किलो असेल, तर पुढचं सांगायला नको.

‘आमची मुलं उत्तम स्केटिंग करतात, त्यांचा ताबा असतो’ असं हॉकीवाले पालक सांगतात. ते खरं आहे. रिंकवर सगळ्यात चांगला ताबा त्यांचाच असतो. पण ताबा असतो तो स्वतःच्या शरीरावर. समोरची बाई कधी डावीकडे कलंडेल, पोरगं कधी मधेच बसकण मारेल, हे कोणाच्याही ताब्यात नसतं. हॉकीच्या सामन्यात समोरचा खेळाडू पुढे काय करील याचा अंदाज बांधता येतो, कारण त्यालाही खेळ येतो. नवशिक्याला आपण पुढच्या क्षणी काय करणार आहोत हे स्वतःलाच माहीत नसतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फिरणाऱ्या आजी-आजोबांमधून एखाद्याने फास्ट बोलिंगचा रनअप घेतला, तर तो कितीही तरबेज असला तरी त्याला तिथून हटवलंच जाईल. बर्फावर मात्र आपण हे चालवून घेतो.

हॉकीचं जग स्वतःच्या मुलांना कसं जपतं तेही पाहा. लहान वयाच्या खेळाडूला हेल्मेट आणि पूर्ण चेहरा झाकणारी जाळी सक्तीची आहे. खांदे, कोपरं, गुडघे, सगळ्यांना गाद्या. एवढं असूनही 2013 मध्ये हॉकी कॅनडाने अकरा-बारा वर्षांच्या गटात अंगाने धडक मारायला देशभर बंदी घातली. त्याआधी 2010 मध्ये संशोधकांनी अल्बर्टा आणि क्वेबेक या दोन प्रांतांतल्या याच वयाच्या मुलांची तुलना केली होती. अल्बर्टात धडकेला परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. अल्बर्टातल्या मुलांना मेंदूला हादरा बसण्याचा धोका तिपटीहून जास्त निघाला. पूर्ण कवचातल्या, खेळ येणाऱ्या, धडक येणार हे माहीत असलेल्या मुलाला जर ती सोसत नाही, तर लोकरीची टोपी घालून पहिल्यांदाच बर्फावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती कशी सोसावी?

शिवाय नवशिका पडतो तो बहुधा मागे. पाय पुढे निसटतात आणि डोक्याचा मागचा भाग आपटतो, किंवा हात टेकला तर मनगट मोडतं. हॉकीपटू पुढे झुकून, गुडघे वाकवून चालतो. त्याला मागे पडण्याचं भय फारसं नसतं. म्हणूनच ‘जरा घासून गेलो, धक्का लागलासुद्धा नाही’ हे त्याचं म्हणणं प्रामाणिक असतं आणि तरीही निरुपयोगी असतं. अंगाला न लागता जवळून सुसाट गेलं तरी घाबरलेला माणूस पडतोच.

स्केटच्या पात्याबद्दल बोलायला लोक कचरतात. 28 ऑक्टोबर 2023 रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे सामन्यात अ‍ॅडम जॉन्सन या 29 वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूच्या गळ्याला दुसऱ्याचं पातं लागलं आणि तो गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने गळ्याचं संरक्षक कवच सक्तीचं केलं. पब्लिक स्केटिंगमध्ये असं रोज होईल असं आम्ही म्हणत नाही. पण हॉकीच्या पात्याला मुद्दाम खोलगट धार काढलेली असते, आणि पडलेलं मूल उठताना हाताचे तळवे बर्फावर पसरून टेकवतं. मुलांना आजच शिकवा: पडलं की मुठी आवळायच्या, मग गुडघ्यावर यायचं. जाड हातमोजे थंडी नसली तरी घालायला लावा. आणि हेल्मेट हॉकीचंच हवं, सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचा शिक्का असलेलं. सायकलचं हेल्मेट एका जोरदार अपघातासाठी बनवलेलं असतं, वारंवार पडण्यासाठी नव्हे. मोठ्यांनीही ते घालावं. लाज वाटते म्हणून डोकं उघडं ठेवणारे आपल्यात फार आहेत.

एवढं केल्यावरही उरतो तो प्रश्न रिंक चालवणाऱ्यांचा. नियमांची पाटी जवळजवळ प्रत्येक रिंकवर आहे: एकाच दिशेने फिरा, शर्यत नको, पकडापकडी नको. पाटी लिहिणाऱ्याला धोका कळला होता, हे उघड आहे. मग अंमल का नाही? कारण गार्ड म्हणून बहुतेक वेळा एखादं सतरा वर्षांचं पोर ठेवलेलं असतं, आणि त्याने आपल्याच शाळेतल्या हॉकी संघाच्या मुलांना बर्फाबाहेर काढावं अशी अपेक्षा असते. हा त्या पोरावरही अन्याय आहे.

ओंटारियोचा कायदा याबाबत मुका नाही. ऑक्युपायर्स लायबिलिटी अ‍ॅक्टप्रमाणे जागा ज्याच्या ताब्यात आहे, त्याने तिथे येणाऱ्याच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यायची असते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर स्केटिंग करा’ असा बोर्ड टांगला म्हणून ती काळजी आपोआप संपत नाही. दुसरा कायदा डोक्याच्या इजेचा. रोवन स्ट्रिंगर ही ऑटवाची 17 वर्षांची रग्बी खेळाडू 2013 मध्ये डोक्याला लागोपाठ मार बसून गेली. तिच्या नावाने 2018 मध्ये प्रांताने मेंदूच्या इजेविषयी कायदा केला. पण तो संघटित खेळांना लागू होतो. पब्लिक स्केटिंगला येणाऱ्याची ना नोंदणी, ना प्रशिक्षक. क्लबच्या मुलाला मार बसल्यावर खेळातून बाजूला काढणारा नियम आहे. आपल्या मुलाला तसं बाजूला काढणारं तिथे कोणी नाही.

आता मुद्दा हॉकीच्या मुलांचा. बर्फ भाड्याने घ्यायचा तर तासाला शेकड्यांनी डॉलर मोजावे लागतात, क्लबचे तास पहाटे नाहीतर रात्री उशिरा मिळतात, आणि पब्लिक स्केटिंग मोजक्याच डॉलरांत होतं. म्हणून मुलं इथे येतात. त्यांची वेगाची भूक खोटी नाही, त्यांना दुष्ट ठरवणं आम्हाला मान्य नाही. त्यांच्यात आता आपलीही मुलं आहेत. जोशी, पाटील, शिंदे अशी आडनावं जर्सीच्या पाठीवर दिसू लागली आहेत आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. त्यांच्यासाठी शिन्नीचे, म्हणजे मोकळ्या हॉकीचे, तास वाढवा, अशी मागणी आपण त्यांच्या बाजूने उभं राहून करू. पण तोपर्यंत, ताई-दादांनो, आपल्या मुलाला घरीच सांगा की पब्लिक तासात तो बर्फ त्याच्या सरावाचा नाही. गार्डपेक्षा आईचा शब्द लवकर ऐकला जातो.

आणि एक दुखरी गोष्ट. धक्का खाऊन पडलेला आपला माणूसच आधी ‘सॉरी’ म्हणतो. आपल्याला नीट येत नाही, आपण मधे आलो, इथल्या लोकांचा हा खेळ आहे, असं मनात असतं. हे मन बदला. पब्लिक स्केटिंगचा तास न येणाऱ्यांसाठीही ठेवलेला असतो. ज्याला येतं त्याच्यासाठी शिन्नी आहे, स्टिक-पकचे तास आहेत, क्लब आहेत. ज्याला येत नाही त्याच्यासाठी मुख्यतः हाच तास आहे, आणि त्यासाठी करही आपण भरतो.

आमची मागणी साधी आहे. गार्ड प्रौढ असावा, तो स्केट्स घालून बर्फावर असावा, दाराशी फोन बघत नसावा. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी बाहेर, मग तो कोणत्याही संघाचा असो. प्रत्येक पब्लिक तासात रिंकचं एक टोक शंकू लावून नवशिक्यांसाठी राखावं. लहान मुलं आणि पालकांचे वेगळे तास अनेक ठिकाणी आहेत, पण ते कामाच्या दिवशी दुपारी. दोघंही नोकरी करणाऱ्या घराला त्यांचा काय उपयोग? ते शनिवार-रविवारी हवेत. बर्फावर एका वेळी किती माणसं, याची मर्यादा ठरवावी आणि ती पाळावी. झालेल्या इजांची नोंद ठेवून दर हंगामाला ती जाहीर करावी.

हे मागायचं कुठे? नगरपालिकेकडे तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाला लिहा. अर्थसंकल्पाच्या काळात परिषदेसमोर बोलायला वेळ मागता येतो. चार कुटुंबांनी मिळून तो मागा. रिंकवर काही घडलं तर निघण्याआधी अपघाताचा फॉर्म भरून घ्या, दिवस-वेळ लिहा, साक्षीदाराचा फोन घ्या, डोक्याला लागलं असेल तर त्या दिवशी पुन्हा बर्फावर जाऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या वेळी तिकीट काढताना खिडकीवरच विचारा: आज नवशिक्यांसाठी जागा कुठे आखली आहे, आणि बर्फावर गार्ड कोण आहे? उत्तर मिळालं नाही तर व्यवस्थापकाला बोलवा.

— आपल्याच परिसरातले काही मराठी पालक