म्हण हा पुरावा नव्हे

‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो गृहस्थ विनोदी असेल. न्यायाधीश मात्र तो खास नव्हता. आरोपीचे म्हणणे ऐकायचे नाही, साक्षीदार तपासायचा नाही, केवळ वयाचा दाखला पाहून निकाल द्यायचा, ही या म्हणीची न्यायपद्धती होय. आणि आश्चर्य हे की, कोर्टात पै-पैशाच्या पावतीसाठी भांडणारा आपला समाज हा एक निकाल मात्र बिनतक्रार शिरसावंद्य मानतो. म्हातारी तेच तेच विचारू लागली, की म्हण पुढे. म्हातारा अन्नावाचून कोपऱ्यात बसून राहिला, तरी म्हण पुढे. वस्तुतः या दोन भिन्न अवस्था आहेत. एकीला स्मृतिभ्रंश म्हणतात, दुसरीला नैराश्य. दोन्ही रोग आहेत, दोन्हींना ओळखण्याच्या खुणा आहेत, आणि त्या खुणा वेळेवर ओळखणे हे घरच्यांचे व त्याहूनही अधिक देवळाचे कर्तव्य आहे, एवढाच आमचा दावा आहे.

देवळाचे अधिक का, हे प्रथम सांगितले पाहिजे. रामाकोना हे नागपूर–छिंदवाडा लोहमार्गावरचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले व आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा सौंसर तालुका त्यात आला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. शेतातला संत्रा व कापूस बदलला नाही, आणि घरातली मराठीही बदलली नाही. परिणाम असा की, म्हाताऱ्याचे मनातले दुःख मराठीत, सरकारी कागद हिंदीत, आणि मोठा डॉक्टर राज्याची सीमा ओलांडून नागपुरात! या साऱ्यांच्या मध्ये रोज भेटणारे असे एकच ठिकाण उरते, ते म्हणजे देऊळ. काकड्याला कोण आले, हरिपाठाला कोण आले नाही, एकादशीला टाळ कोणाच्या हाती होता, हे देवळाला जितके ठाऊक असते तितके तलाठ्यालाही नसते. गोव्यातील देवस्थानांच्या महाजनांनाही हेच लागू आहे. ज्याला माणूस रोज दिसतो, त्याचीच साक्ष सर्वांत मोलाची.

तर मग साक्ष कशाची द्यायची? स्मृतिभ्रंशाची पाहू. देवळाबाहेर काढलेली वहाण सापडत नाही, ही विसर आहे. देवळातून घरी जाण्याची वाट सापडत नाही, हे लक्षण आहे. ज्या शेतकऱ्याने चाळीस वर्षे आंबिया बहाराचा सौदा झाडाकडे एक नजर टाकून तोंडी हिशोबाने केला, तोच यंदा नोटा तीनतीनदा मोजतो व बेरीज जुळत नाही, हे लक्षण आहे. एकच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे, नेहमीच्या वस्तूचे नाव न सुचून ‘ते हे’ म्हणणे, रोजच्या स्वयंपाकातला क्रम चुकणे, ठेवलेले डबोले न सापडल्यावर ते सुनेने चोरले असा आळ घेणे, शांत माणसाने एकाएकी संतापी किंवा बेफिकीर होणे, ही सारी त्याच मालिकेतील लक्षणे होत. यांपैकी सुनेवरचा आळ तर कित्येक घरे फोडतो. तो दुष्टपणा नसून बहुधा रोग आहे, एवढे जरी कुटुंबाला कळले, तरी अर्धे भांडण तेथेच मिटेल.

येथे एक मोठा घोटाळा होतो. ‘आजोबांना पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातील पंगत आठवते, लहानपणचे अभंग तोंडपाठ आहेत, मग त्यांना विसरण्याचा रोग कसा?’ असे विचारतात. उत्तर सोपे आहे. अल्झायमर या, स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत मोठ्या कारणात, मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आरंभीच झिजू लागतो. आणि नवी आठवण प्रथम रुजते ती तेथे. म्हणून जुने शाबूत राहते व सकाळचे जेवण मात्र आठवत नाही. अभंग आठवणे हा बुद्धी धड असल्याचा पुरावा नव्हे.

आता म्हणीतील ‘साठी’ची उलटतपासणी करू. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने ज्या स्त्रीच्या मेंदूतील विकृती १९०६ साली विद्वानांपुढे मांडली, तिला १९०१ साली रुग्णालयात आणले तेव्हा तिचे वय अवघे ५१ होते. म्हणजे रोग साठीची वाट पाहत नाही. उलट, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठीच्या पुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे. म्हणजे शंभरांतील ब्याण्णवांहून अधिकांना हा रोग नाही. म्हण दोन्ही बाजूंनी खोटी ठरते. जी अवस्था शंभरांतील सात-आठांना होते, तिला ‘वय’ म्हणायचे की ‘आजार’?

नैराश्याची लक्षणे निराळी. रोजचे दुःख येते व जाते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ दिवसभर, मन खिन्न राहणे किंवा पूर्वी ज्यात गोडी होती त्यातली गोडी संपणे, हे त्याचे मुख्य चिन्ह. त्यासोबत पहाटे दोन-तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, अंगातली शक्ती गेल्यासारखी वाटणे, हालचाल व बोलणे मंदावणे, ‘मी सगळ्यांना भार झालो’ असे पुनःपुन्हा म्हणणे, आणि मरणाचे विचार. आपल्याकडचा म्हातारा ‘मला नैराश्य आले’ असे कधीच म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘डोके दुखते, जीव घाबरतो, अंग मोडून येते, मन लागत नाही.’ देहाच्या या तक्रारीत मनाची तक्रार दडलेली असते. ती न ऐकता आपण त्याला आळशी ठरवतो, नाहीतर ‘देवाचे नाव घ्या’ असा उपदेश करतो. नाव अवश्य घ्यावे. परंतु ज्याची जगण्याची इच्छाच मावळली आहे, त्याला नाव घेता येत नाही म्हणून दोष देणे, हे पंगूला प्रदक्षिणा घालता येत नाही म्हणून रागे भरण्यासारखे आहे. भगवद्गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे. अर्जुनाचा विषाद हा रोग नव्हता हे मान्य. तथापि गळालेली गात्रे, कोरडे तोंड, अंगाचा कंप ही आपल्या देहाची अवस्था तेथे तो स्वतः सांगतो, आणि सारथी ती शेवटपर्यंत ऐकून घेतो. उपदेश त्यानंतर येतो. आपण मात्र ऐकण्याआधीच उपदेशाला आरंभ करतो.

दोहोंतील भेदही लक्षात ठेवावा. नैराश्य बहुधा काही आठवड्यांत जाणवू लागते. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे हळूहळू उतरतो. नैराश्याचा रोगी स्वतःच ‘मला काही आठवत नाही’ अशी तक्रार करतो. स्मृतिभ्रंशाचा रोगी पुष्कळदा ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो व तक्रार घरचे करतात. हा नियम अपवादरहित नाही; उतारवयात प्रथमच आलेले नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचनाही असते. म्हणूनच निदान शेजाऱ्याने करू नये, डॉक्टराने करावे. आणि एक तिसरी अवस्था आहे: काल धड असलेला म्हातारा आज एकाएकी बरळू लागला, माणसे ओळखेना, तर ते लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, औषधाचा दोष, अशा कारणाने असू शकते. तेथे एक दिवसही दवडू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हे सारे ओळखून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा की, विसरण्याची काही कारणे बरी होणारी असतात: थायरॉइडचा विकार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव (शाकाहारी घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे), डोक्याला मार लागून आत साकळलेले रक्त, आणि खुद्द नैराश्य. साध्या रक्ततपासणीने जे कळते, ते म्हणीने झाकून ठेवणे हा अपराध नव्हे काय? अल्झायमर आज समूळ बरा होत नाही हे खरे. परंतु बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, एकटेपण यांकडे लक्ष दिल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका घटतो, असे २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांगितले आहे. नैराश्यावर तर औषध आणि समुपदेशन दोन्ही गुणकारी आहेत. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रोग्यांना उपचार मिळत नव्हते.

आता सर्वांत नाजूक आक्षेप: ‘हे रोग नव्हेत, बाधा आहे.’ सौंसर तालुक्यातील जाम सावळीच्या निद्रिस्त हनुमंताच्या चरणी दूरदूरहून माणसे मनाने पिडलेल्या आप्तांना घेऊन येतात. त्या श्रद्धेची टिंगल करणे आम्हांला मान्य नाही. तामिळनाडूतील मुत्तुस्वामी मंदिरात राहिलेल्या ३१ तीव्र मनोरुग्णांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात त्यांच्या लक्षणांत सुमारे २० टक्के उतार पडल्याचे तीत दिसले. देवळातील आश्वासक, निर्भय वातावरण हे त्याचे कारण अभ्यासकांनी सुचविले. तेव्हा देऊळ आधार देते हे निर्विवाद. पण आधार म्हणजे उपचाराला बंदी नव्हे. चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत. आपल्या पूर्वजांनीच मनाचा रोग वैद्याच्या हाती दिला होता. आणि वैद्याला वगळल्याचा शेवट काय होतो, हे २००१ च्या ६ ऑगस्टला एरवाडी येथे देशाने पाहिले: श्रद्धास्थानाजवळच्या खासगी आश्रयगृहाला आग लागली व साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण दगावले. ते स्थान कोणत्या धर्माचे होते हा प्रश्न गैरलागू आहे. साखळीला धर्म नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५ व्या कलमाने रुग्णाला साखळीने बांधण्यास आता सक्त मनाई आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी ही लेखणी मुख्यतः उचलली ते सांगतो. भारतीय करार कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे करार करणाऱ्यास त्याचा अर्थ व आपल्यावरील परिणाम समजला पाहिजे. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याचे मन स्वस्थ असले पाहिजे. आणि आपल्याकडे काय घडते? जो म्हातारा ‘बुद्धी नाठी’ म्हणून घरच्या बोलण्यात हिशोबी धरला जात नाही, त्यालाच जमिनीच्या कागदावर अंगठा उठवण्यासाठी निबंधक कचेरीत नेताना मात्र तो पूर्ण शहाणा ठरतो! ही दुटप्पी साक्ष आम्ही वकिली व्यवसायात पाहिली आहे. देवस्थानांच्या विश्वस्तांनीही येथे सावध असावे. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्धेकडून घेतलेले दानपत्र देवाच्या नावे असले, तरी ते दान होत नाही.

याउलट निदान वेळेवर झाले, तर तो माणूस स्वतःच आपली व्यवस्था लावू शकतो. २०१७ च्या कायद्याने त्याला पुढील मानसिक उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे; केवळ मनोविकार आहे म्हणून कोणी निर्णयास अपात्र ठरत नाही, हेही त्यात आहे. म्हणजे लवकर ओळखण्याने आयुष्य वाढो न वाढो, माणसाचा शब्द वाचतो. उशीर झाला, की त्याच्या वतीने दुसरेच बोलू लागतात.

‘पण डॉक्टर कोठे आहे?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. मध्य प्रदेशाची शासकीय मनोरुग्णालये ग्वाल्हेर व इंदूर येथे. आम्हांला जवळ ते नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय. तथापि वाट अगदीच बंद नाही. आमच्या सीमेला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमाने गावातलीच माणसे शिकवून तयार केली. त्यामुळे नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यातही साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्य हलके केल्याचे, तसेच घरोघर जाऊन दिलेल्या आधाराने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांचा ताण कमी झाल्याचे सप्रमाण सिद्ध झाले आहे. शासनाच्या ‘टेलिमानस’ या सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

म्हणून आमची मागणी अशी. ज्या देवस्थानी मनोरुग्ण आणले जातात, तेथे महिन्यातून निदान एकदा मानसोपचारतज्ज्ञ बसावा. जाम सावळीला २०२३ साली ‘हनुमान लोक’ या विस्ताराचे भूमिपूजन झाले; त्या भव्य आराखड्यात या कामासाठी एक खोली निघणे अशक्य आहे काय? प्रत्येक भजनी मंडळाने दोन माणसे नेमावीत: जो दोन आठवडे आला नाही, त्याच्या घरी जाऊन त्यांनी बसावे, कमी बोलावे, अधिक ऐकावे. त्याच्या तोंडी मरणाची भाषा असली, तर ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट ओझे हलके होते. आणि त्याच दिवशी घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेववावे व डॉक्टरची वेळ ठरवावी.

एवढे करण्यास फारसा पैसा लागत नाही, नवा कायदा लागत नाही. एक म्हण सोडावी लागते. मागल्या एकादशीला ज्याच्या हाती टाळ होता आणि या एकादशीला जो आला नाही, त्याच्या घराचा रस्ता देवळाला ठाऊक आहे. त्या रस्त्याने उद्या कोण जाणार, ते आजच्या आरतीनंतर ठरवावे.