पाठ कोरी ठेवा!

मी मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो. अंगात कंत्राटदारानं दिलेला शर्ट. छातीवर पिवळ्या दोऱ्यानं मशीनवर भरलेली त्याची निशाणी. शर्टाचे पैसे पहिल्याच पगारातून कापले. म्हणजे शर्ट माझ्या पैशाचा, घाम माझा, नाव त्याचं. माझं नाव कुठंच नाही.

चौदा एप्रिलला घरी हिंगणघाटला गेलो. वस्तीतल्या पोरांनी पन्नास टी-शर्ट भरायला टाकले होते. दुकानात कॉम्प्युटरची एम्ब्रॉयडरी मशीन. आधी अक्षर पडद्यावर टाक्याटाक्यानं मांडायचं, कापडाखाली कागद घालून फ्रेम आवळायची, मग सुई सुटते. मिनिटाला शेकडो टाके. जेवढे टाके तेवढे पैसे. मशीनवर आपल्याच वस्तीतली एक ताई. दोरा तुटला की ओवायचा, फ्रेम बदलायची, लोंबते धागे कातरायचे. छातीवर निळ्या दोऱ्यानं ‘जय भीम’ उमटलं. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? मग शर्ट उलटा केला. पाठीवर निवडणुकीला उभं राहणाऱ्या एका कंत्राटदाराचं नाव. ‘जय भीम’च्या चौपट!

“काहून बे, हे कोनाचं नाव?”

“पैसे त्यानंच देल्ले ना भाऊ. फुकटात भेटून राह्यले.”

फुकटात? दोस्तांनो, आपल्या अंगावर दुसऱ्यानं खूण करायची ही रीत जुनी आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलंय, पेशवाईत अस्पृश्यानं ओळखू यावं म्हणून मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा. त्याच साली आपल्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी शेगावला राहायला आले. पुढं त्याचं सेवाग्राम झालं, सुताची पूजा झाली. पण सुताला आपलं तोंड चालत नव्हतं! मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात आपला माणूस घेत नसत. का? धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीनं बाकीचे बाटत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला.

ज्या दोऱ्यानं आपल्याला बांधलं, ज्या दोऱ्याला आपण बाटवत होतो, त्याच दोऱ्यानं आज आपली पोरं ‘जय भीम’ लिहितात. ही साधी फॅशन नाही. म्हणून तर पाठ विकलेली बघून डोकं फिरतं.

वरच्यांना नावाची किंमत बरोबर कळते. २०१५ च्या जानेवारीत पंतप्रधान ओबामांना भेटले तेव्हा त्यांच्या सुटावरची रेघन् रेघ त्यांच्याच नावाची होती. पुढच्या महिन्यात सुरतेत तो सूट ४ कोटी ३१ लाखाला गेला. त्यांच्या अंगावर त्यांचं नाव. आपल्या अंगावर कंत्राटदाराचं. आणि आपण म्हणतो, फुकटात भेटलं!

कुणी म्हणेल, पैसे कुठून आणायचे? पंधरा दिवस खर्रा सोडा, शर्ट निघतो. एका पोराचा निघत नसेल तर बाकीच्यांनी भर घालावी. वर्गणी यालाच म्हणतात. वर्गणीचा शर्ट कुणाला मतं मागत नाही.

आणखी एक. ताईला विचारलं, तुझ्या शर्टावर काय भरशील? ती हसली. म्हणाली, “टाके मोजून पैसे मालकाले भेटते, दादा. मले रोजी. माह्या नावाचं कोन इचारते?” छातीवर बाबासाहेबांचं नाव मिरवायचं आणि ते भरणारीच्या रोजीबद्दल चूप बसायचं, हेही चालणार नाही. काम देताना मालकाशी आधी तिच्या मजुरीचं बोला, मग शर्टाच्या भावाचं.

पुढच्या चौदा एप्रिलला मी परत येतोय. पहिली वर्गणी माझी. पाठ कोरी पाहिजे.